‘आता आजीसुद्धा गेमर’ वाचलं की आम्ही खिसा का चाचपतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत गेमिंगवर पानभर लेख होता तो वाचला. फोटो झकास होता, आजी सोफ्यावर, हातात टॅब, शेजारी नातू वाकून बघतोय. लेखाचं म्हणणं थोडक्यात असं की गेमिंग आता पोराटोरांपुरतं राहिलं नाही, मोठमोठ्या कंपन्या घरातल्या प्रत्येकासाठी गेम काढतायत, आणि जुने गेमर तेवढे नाकं मुरडत बसलेत कारण त्यांना आपला क्लब कुलपात ठेवायचाय. त्या नाकं मुरडणाऱ्यांतला मी एक. चाळिशी ओलांडली, नोकरी, होम लोन, मुलीची शाळा सगळं आहे, रात्री जेवणं उरकली की तासभर कंट्रोलर हातात घेतो. आमची पण बाजू छापा एवढंच म्हणणं आहे. पत्र लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

आमच्यातले काही लोक खरंच डोक्यात जातात हे मान्य. कोणी बाई ऑनलाइन मॅचमध्ये माइकवर बोलली की हे सुरू होतात, कोणी मोबाईलवर खेळतो म्हणाला की त्याला हसतात, सोप्या मोडवर गेम संपवला तर म्हणे तो संपवलाच नाही. त्यांची वकिली मी करत नाही, करणारही नाही. आणि तसं बघितलं तर आपल्याकडे सगळेच कॅज्युअल, म्हणजे कधीमधी मजेखातर खेळणारे, होते हो. नव्वदीत टीव्हीला जोडायचा तो डबा, त्याची ती पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९ इन वन आणि आत तेच आठ-दहा गेम फिरवून फिरवून, कॉन्ट्रा, मारिओ, बदकं मारायचा गेम. गल्लीच्या तोंडाशी पार्लर, एक रुपयाला एक कॉइन, मुस्तफा खेळायला रांग. नंतर सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक. आमच्या घरात मारिओ सगळ्यात चांगला वडील खेळायचे, दुपारी बनियनवर बसून, आणि कोणी आलं की रिमोट दाबून बातम्या लावायचे. म्हणजे आजीनं, आईनं, शेजारच्या काकांनी गेम खेळला तर आमच्या पोटात दुखतं असं काही नाही. दुखतं ते दुसरीकडे.

कुठे, ते सांगायला वीपासनं सुरुवात करावी लागेल. वी म्हणजे निन्टेन्डो कंपनीचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, ते आलं २००६ च्या नोव्हेंबरात. त्या काळात सोनीचा प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ५००-६०० डॉलरला होता, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० त्याच्या खाली, आणि वी २५० ला, वर वी स्पोर्ट्स नावाचा टेनिस-बोलिंगचा गेम डब्यात फुकट. ग्राफिक्स बाकीच्या दोघांच्या जवळपासही नव्हते. पण रिमोट हातात धरून बॅट फिरवल्यासारखा फिरवायचा की टीव्हीतला टेनिसवाला फटका मारायचा, बस, शिकवायला काही नाही. अमेरिकेत वृद्धाश्रमांतनं बोलिंगच्या मॅचेस लागायला लागल्या. सातोरू इवाता तेव्हा निन्टेन्डोचे प्रेसिडेंट, हा माणूस स्वतः प्रोग्रॅमर, त्यांचा हिशेब सरळ होता की जे लोक गेम खेळतच नाहीत त्यांच्यासाठी काहीतरी करू. आणि केलं, मनापासनं केलं. वी स्पोर्ट्स आजही काढून लावा, पाचव्या मिनिटाला घरातलं माणूस हसत असतं. शेवटी वी विकला गेला १० कोटींच्या वर.

तर तक्रार त्याच्यावर नाहीच. तक्रार पुढच्या रांगेवर आहे. जत्रेत एकाची भेळ खपली की पुढच्या वर्षी चाळीस गाड्या लागतात आणि त्यातल्या पस्तीस जणांनी आयुष्यात कांदा चिरलेला नसतो, तसं झालं. सोनीनं २०१० मध्ये मूव्ह काढला, म्हणजे टोकाला रंगीत गोळा असलेली कांडी. मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी नोव्हेंबरात किनेक्ट आणला, कांडी पण नको, तुमचं शरीरच कंट्रोलर. किनेक्ट पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपला, गिनीज बुकात गेला. आता त्याची अट बघा, एका माणसाला टीव्हीपासनं साधारण सहा फूट लांब उभं राहायचं, दोघं असतील तर आठ फूट, मध्ये टीपॉय नको, खुर्ची नको. अमेरिकेतल्या दिवाणखान्यात ठीक आहे, पण डोंबिवलीच्या वन बीएचकेत आठ फूट मोकळी जमीन दाखवा मला, आणि ती दिसली तर तिथे दिवाण येईल हो, किनेक्ट नाही.

जागेचं सोडा. खरा चटका बसला तो रेअरचा. रेअर म्हणजे इंग्लंडमधला गेम बनवणारा स्टुडिओ, गोल्डनआय, बँजो-काझूई हे गाजलेले गेम काढणारे लोक, मायक्रोसॉफ्टनं २००२ मध्ये ३७५ मिलियन डॉलरला घेतलेला. किनेक्ट आल्यावर त्यांना बसवलं किनेक्ट स्पोर्ट्स करायला. वाईट गेम नव्हता तो, खपलाही, पण ज्या लोकांनी एकेक जग उभं केलं त्यांनी वर्षानुवर्षं भालाफेक आणि बोलिंग करत बसायचं. लायनहेड या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या स्टुडिओचं तेच, फेबलसारखी गेमची मालिका आणि शेवटी किनेक्टसमोर हात हलवत घोडागाडी हाकायचा गेम, २०१६ ला स्टुडिओच बंद. मग २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन हे नवं यंत्र दाखवायचा कार्यक्रम झाला, मे महिन्यात, आम्ही रात्री जागून बघितला, आणि स्टेजवर काय तर टीव्ही, टीव्ही आणि टीव्ही, चॅनल कसा बदलायचा ते. किनेक्ट सक्तीनं डब्यात, म्हणून किंमत ५००, आणि सोनीचा प्लेस्टेशन ४ मात्र ४०० ला. पुढच्या जूनमध्ये किनेक्ट काढून ४०० ला विकायची वेळ आली, आणि २०१७ मध्ये किनेक्ट बनवणंच बंद केलं.

इथे एक गोष्ट तुमच्या लेखात राहिलीय. किनेक्ट घेतलेल्या त्या कोट्यवधी घरांचं काय झालं? ते गेमर नव्हते, ते घरचे साधे लोक होते, ज्यांना सांगितलं होतं की हे खास तुमच्यासाठी आहे. नव्या मशीनला जुना किनेक्ट चालत नव्हता आणि नवा कंपनीलाच नकोसा झाला. कोणी निषेध केला नाही, कारण हे लोक निषेध करत नसतात, ते यंत्र कपाटावर ठेवतात आणि विसरतात. आरडाओरडा आम्ही करतो म्हणून आम्ही वाईट दिसतो, पण पहिला लाथाडला जातो तो कॅज्युअलवालाच.

आणि हे असं का होतं याचं माझ्या डोक्यात एकच उत्तर आहे. कधीमधी खेळणारा माणूस समाधानी असतो. त्याला एक गेम आवडला की तो दहा वर्षं तोच खेळतो. वी स्पोर्ट्सवर खूश झालेल्या घरांनी २०१२ मध्ये वी यू हे पुढचं यंत्र आलं तेव्हा ढुंकून बघितलं नाही, त्यांना दुसरा डबा कशाला हवा होता, शिवाय तोवर हातात फोन आला होता. वी १० कोटी आणि वी यू १ कोटी ३५ लाख, इवातांनी २०१४ च्या जानेवारीत स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्मा करून घेतला. (आपल्याकडे कोणी घेतलाय का निम्मा, जाऊ दे.) तर समाधानी गिऱ्हाईक मोठ्या कंपनीला परवडत नाही, दर तीन महिन्यांनी आकडा वाढवून दाखवायचा असतो. मग दोनच मार्ग उरतात, एक तर त्याला सोडून द्या, नाही तर त्याचं समाधान मोडा.

मोडायचं कसं ते झिंगा नावाच्या गेम कंपनीनं दाखवलं. फार्मव्हिल, जून २००९, फेसबुकवर. ८ कोटींच्या वर लोक महिन्याला खेळत होते एका टप्प्यावर. स्ट्रॉबेरी लावायची, चार तासात तयार, वेळेत काढली नाही तर वाळून जाणार. महाबळेश्वरवाल्यांना विचारा चार तासात स्ट्रॉबेरी येते का म्हणून, पण ते असो. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी नांगराला हात लावला नाही असे हिंजवडीतले इंजिनिअर मीटिंगच्या मध्ये उठून स्ट्रॉबेरी काढायला जात होते, मी डोळ्यांनी बघितलंय. खेळण्यासारखं त्यात काय होतं विचाराल तर क्लिक. धाक मात्र होता, की नाही आलात तर नुकसान. आणि थांबायचं नसेल तर पैसे भरा. शेअर बाजारात येताना झिंगानं कागदपत्रांत स्वतःच लिहून दिलं होतं की आमचं जवळपास सगळं उत्पन्न थोड्याशा खेळाडूंकडून येतं. धंद्यात अशा खेळाडूला व्हेल म्हणतात, म्हणजे देवमासा. बाकीचे कोट्यवधी लोक म्हणजे त्या माशाला एकटं वाटू नये म्हणून भरलेलं पाणी.

मग सगळ्यांनाच घाई झाली. डिस्नेनं २०१० मध्ये प्लेडम ही असलेच गेम करणारी कंपनी घेतली ५६३ मिलियन डॉलरला. इए या मोठ्या गेम कंपनीनं २०११ मध्ये पॉपकॅप घेतली, ७५० मिलियन आणि वर टार्गेट गाठलं तर अजून. झिंगानं २०१२ च्या मार्चमध्ये ओएमजीपॉप घेतली, चित्र काढून ओळखायच्या एका गेमसाठी जवळजवळ १८० मिलियन, आणि २०१३ च्या जूनमध्ये ते ऑफिस बंद. सव्वा वर्ष! झिंगाचा शेअर १० डॉलरला आला होता तो वर्ष व्हायच्या आत ३ च्या खाली. ह्यातल्या पॉपकॅपचं मला सगळ्यात वाईट वाटतं कारण प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज हा असा गेम होता की आमच्यासारखे पण खेळायचे आणि घरातले पण. एकदा पैसे द्या, संपला विषय, सूर्यफूल लावा, वाटाणे मारा, मधनं मधनं गच्चीवर लढाई. विनोद होता त्यात, मेहनत होती. दुसरा भाग २०१३ मध्ये फुकट आला, आणि काही झाडं खऱ्या पैशात. कॅज्युअल गेम चांगला असूच शकत नाही असं आम्हाला वाटत असतं तर त्या दिवशी आम्हाला काही वाटलं नसतं.

आता आजीच्या फोटोविषयी. माझ्या आईच्या फोनवर रंगीत गोळ्या जुळवायचा एक गेम आहे, नाव घेत नाही, त्याच्यासारखे शंभर आहेत. एका संध्याकाळी शेजारी बसून नीट बघितलं काय चालतं ते. लेव्हल जिंकायला एक चाल कमी पडली. लगेच एक छोटं अस्वल रडायला लागलं, खरंच अश्रू, आणि खाली भलं मोठं हिरवं बटण, पुढे खेळा म्हणून. बंद करायची फुली वर कोपऱ्यात, करड्यावर करडी, आणि ती सुद्धा दोन सेकंद उशिरा उमटते. हिरवं बटण दाबलं तर पैसे मागत नाहीत, हिरे मागतात. हिरे संपले की हिऱ्यांचं दुकान, तिथे हिरे असे गठ्ठ्यानं की एक वापर झाल्यावर चार-पाच उरतातच, म्हणजे पुढच्या वेळी उगाच वाया जाऊ नये म्हणून अजून घ्यायचे. मग जाहिरात. जाहिरातीत एक राजा बुडतोय आणि कोणीतरी मुद्दाम चुकीची किल्ली ओढतंय. जाहिरातीची फुली दाबली तर प्ले स्टोअर उघडलं. आई मला म्हणते, "अरे हे बंदच होईना, माझंच बोट कुठंतरी चुकीचं लागलं." तिचं बोट बरोबरच लागलं होतं हो, ते तसंच लागावं म्हणून कुठेतरी एका टेबलाभोवती चार शिकलेली माणसं बसली होती. तिच्या फोनला माझं कार्ड जोडलेलं होतं, ते मी त्या रात्री काढून टाकलं.

कँडी क्रश २०१२ चा, पाच जीव, संपले की अर्ध्या तासाला एक, नाही तर मित्रांकडे मागा नाही तर पैसे द्या, ही सवय घराघरात त्यानं पोचवली. त्याची मालक किंग कंपनी, ती ॲक्टिव्हिजन या बड्या गेम कंपनीनं २०१६ मध्ये ५.९ अब्ज डॉलर देऊन घेतली, आणि ॲक्टिव्हिजनच २०२३ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टनं घेतली ६८.७ अब्जांना. हा मायक्रोसॉफ्ट लक्षात ठेवा, कारण आता सॉलिटेअर.

सॉलिटेअर माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात नसेल. जिल्हा परिषद, तलाठी ऑफिस, बँक, कुठेही काउंटरच्या आत डोकावलं की हिरव्या पडद्यावर पत्ते. विंडोज ३.० बरोबर १९९० मध्ये आला. वेस चेरी नावाच्या एका इंटर्ननं लिहिलेला, त्याचे त्याला वेगळे पैसे मिळाले नाहीत. साहेब आला तर दाबायचं एक बटणही त्यानं ठेवलं होतं, दाबलं की पडद्यावर खोटं स्प्रेडशीट, ते कंपनीनं काढायला लावलं, आपल्या सरकारी खात्यांचं केवढं नुकसान झालं त्यात. लोक त्या गेमवर माउस चालवायला शिकले, पत्ता उचलायचा, ओढायचा, सोडायचा. वीस वर्षं तो तसाच होता. जाहिरात नाही, लेव्हल नाही, रोज या म्हणून धाक नाही. जिंकलं की पत्ते उड्या मारत खाली यायचे, ते बघायचं आणि परत मांडायचं. जगातला सगळ्यात कॅज्युअल गेम, आणि खेळणारा समाधानी.

तर त्याचं काय केलं बघा. विंडोज ८ मध्ये, २०१२ ला, तो आतनं काढला आणि स्टोअरमधनं घ्यायला लावला. विंडोज १० मध्ये, २०१५ ला, परत दिला, पण मध्ये मध्ये व्हिडिओ जाहिराती, आणि जाहिराती नको असतील तर तेव्हा महिन्याला दीड डॉलर नाही तर वर्षाला दहा. पत्ते लावायला सबस्क्रिप्शन! वर त्याच विंडोजबरोबर कँडी क्रश आपोआप यायला लागला, मागितला नसताना. म्हणजे ज्या कंपनीकडे समाधानी कॅज्युअल खेळाडूंची जगातली सगळ्यात मोठी फौज बसलेली होती, फुकट, वीस-पंचवीस वर्षं निष्ठेनं, तिनं त्यांच्यासाठी काय केलं तर त्यांच्या पत्त्यांच्या मध्ये जाहिरात घुसवली. आणि तीच कंपनी स्टेजवर येऊन गेमिंग फॉर एव्हरीवन म्हणते तेव्हा टाळ्या वाजवायला आमचे हात जरा जड होतात, एवढंच.

आणि एवढे ६८.७ अब्ज ओतल्यावर बनवणाऱ्यांचं तरी भलं झालं का, तर २०२४ च्या जानेवारीत गेमिंगमधले १९०० लोक घरी, मे महिन्यात हाय-फाय रश हा गेम करणारा टँगो गेमवर्क्स स्टुडिओ बंद करायची घोषणा, २०२५ च्या जुलैत अजून मोठी कपात, त्यात रेअर कितीतरी वर्षं करत असलेला एव्हरवाइल्ड रद्द, आणि किंगमधले लोक पण गेले. म्हणजे आमचा स्टुडिओ पण कापला आणि आजीचा पण.

ब्लिझार्ड म्हणजे ॲक्टिव्हिजनचाच भाग असलेली गेम कंपनी, तिचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल, थोडक्यात सांगतो. २०१८ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात त्यांचा मेळावा, लोक तिकीट काढून, विमानानं आलेले, सगळ्यांना वाटलेलं डायब्लो या गाजलेल्या गेमचा चौथा भाग जाहीर होणार. जाहीर केला मोबाईलवरचा डायब्लो इमॉर्टल. सभागृहात शांतता. एकानं माइकवर विचारलं हा अवेळी एप्रिल फूल आहे का, आणि पीसीवर येणार का या प्रश्नाला नाही म्हटल्यावर हुर्यो झाली तर स्टेजवरनं उत्तर आलं, तुम्हा लोकांकडे फोन नाहीत का? त्या वाक्यावर जगभर मीम झाले, आणि आम्हाला लाडावलेली पोरं म्हणून झोडलंही गेलं. गेम आला २०२२ च्या जूनमध्ये. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये आलाच नाही, कारण तिथे लॉटरीसारख्या पेट्या विकण्यावर कायद्याची नजर आहे आणि ह्यात ताकद वाढवायचे खडे तसल्याच पद्धतीनं निघत होते. तर त्या सभागृहातल्या शांततेत मोबाईलचा तिरस्कार किती होता आणि अंदाज किती होता हे आपणच ठरवा.

आपल्याकडे ही गाडी कुठे जाऊन धडकली ते तर तुमच्याच पेपरात येऊन गेलंय. सगळ्यांसाठी गेम म्हणत म्हणत रमी, ल्युडो, फँटसी क्रिकेट, सगळं खऱ्या पैशावर, मोठमोठे नट आणि खेळाडू जाहिरातीत, खाली घाईघाईत वाचलेली सूचना की सवय लागू शकते. नवी मुंबईत बनलेला ल्युडो किंग लॉकडाऊनमध्ये अख्ख्या देशानं खेळला, सोसायटीच्या ग्रुपवर रूम कोड फिरायचे, आत्या पुण्यात, भाचा नागपुरात, काका दुबईत, एक डाव. सोंगट्या त्याच, पण शेजारच्या ॲपमध्ये त्यावर पैसे लावायला मिळायचे. २०२५ च्या जुलैत आपल्या विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाईलवरच्या रमीचा व्हिडिओ फिरला, ते म्हणाले मी खेळत नव्हतो, जाहिरात आली ती स्किप करत होतो, आणि बघता बघता त्यांचं कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. मला गंमत ही वाटली की जाहिरात बंदच होईना ही तक्रार माझ्या आईची पण तीच. पुढच्याच महिन्यात संसदेत कायदा झाला, पैशावरचे ऑनलाइन खेळ बंद, आणि भारतीय संघ आशिया कपला छातीवर स्पॉन्सरचं नाव न घेता उतरला.

सगळा दोष कंपन्यांचा असंही नाही बरं का. निन्टेन्डोनं २०१६ च्या डिसेंबरात सुपर मारिओ रन आणला फोनवर, सुरुवातीच्या लेव्हल फुकट, आवडला तर एकदाच दहा डॉलर, मग ना जाहिरात ना हिरे. लोकांनी डोळे वटारले, दहा डॉलर! हेच लोक महिन्याला तेवढ्याचे हिरे घेतात. निन्टेन्डोला त्यातनं अपेक्षेएवढं मिळालं नाही, आणि दोन महिन्यांनी त्यांनीच लॉटरीसारखी पात्रं काढायचा दुसरा गेम आणला त्यानं जास्त कमावलं. ह्याला काय म्हणणार. फुकट म्हटलं की आपण उडी मारतो हे खरंच आहे.

पण नीट वागता येतं हे पण सांगायला पाहिजे, नाही तर म्हणाल हा माणूस नुसता कुरकुरतोय. युबिसॉफ्ट कंपनीचा जस्ट डान्स हा टीव्हीसमोर नाचायचा गेम घ्या, त्या कंपनीवर माझे बाकी शंभर राग आहेत. २००९ मध्ये वीवर आला, समीक्षकांनी धुतला, आम्ही हसलो असणारच, पण पोरीबाळींनी, बायकांनी उचलून धरला. पुढे त्याच्या कामात आपल्या पुण्याच्या स्टुडिओचाही हात लागला. आणि बघा, निन्टेन्डो वीला विसरून गेलं, वी यू येऊन मेला, त्यानंतरचं यंत्र स्विच आलं, तरी जस्ट डान्स २०२० हा भाग युबिसॉफ्टनं वीवर पण काढला, २०१९ च्या नोव्हेंबरात, तेरा वर्षं जुन्या यंत्रावर, कारण त्या यंत्रासमोर अजून कोणीतरी नाचत होतं. कंपनीला त्यात पैसा दिसला असेल, दिसू दे की. गिऱ्हाईक जिथे उभं आहे तिथे माल नेऊन दिला. अशा गेमवर टीका करताना आम्ही ग्राफिक्सवर करू, गाण्यांच्या निवडीवर करू, पण दगा दिला असं कोणी म्हणणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कंपनीचा माणूस तुमच्या वार्ताहराला सांगेल की आम्ही आता कुटुंबासाठी, गृहिणींसाठी, ज्येष्ठांसाठी गेम आणतोय, तर दोन-तीन साधे प्रश्न त्याला विचारायला सांगा. गेमचे पैसे एकदाच की रोज? नेट बंद केलं तर चालतो का? आणि पाच वर्षांनी तुमचा सर्व्हर बंद झाला तर आजीनं विकत घेतलेल्याचं काय? उत्तर दिलं तर तेही छापा, टाळाटाळ केली तर ती पण छापा. कंपनीच्या प्रेसनोटमधली आकडेवारी आम्ही नेटवर वाचतोच, त्यासाठी पेपर लागत नाही.

आणि जमलं तर पुरवणीत एक छोटी चौकट सुरू करा, घरातल्या मोठ्यांसाठी, एकदाच पैसे देऊन मिळणारे आणि जाहिरात नसलेले गेम. मी सुरुवात करून देतो, मोन्युमेंट व्हॅली, मिनी मेट्रो, आणि शेतीच करायची असेल तर स्टारड्यू व्हॅली, एकट्या माणसानं वर्षानुवर्षं बसून केलेला, त्यात पीक घरी यायला दिवस लागतात आणि तुम्ही चार दिवस आला नाहीत तर कोणी रडत नाही. आईला मोन्युमेंट व्हॅली घालून दिलाय, ती म्हणते फार छान आहे पण लवकर संपतो.

पत्र कापावं लागेलच तुम्हाला, तर ब्लिझार्डचा भाग कापा, तो कुठेही वाचायला मिळतो. सॉलिटेअरचा ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली पूर्व
(नाव छापू नये, आमच्या ऑफिसात पत्ते लावलेले चालतात पण गेम खेळतो म्हटलेलं चालत नाही)